कचोऱ्या मीच खात होतो

चि. सौ. शैला,

काल माझ्या रक्तातली चरबी बघून डॉक्टर तुलाच बोलले, "बहूजी, बाबूजी को इतना घी मत खिलाइए." मी शेजारी बसून मुकाट ऐकलं. तू तर शेंगदाण्याचं तेलही चमच्याने मोजून घालतेस. मीच फिरायला जातो सांगून रोज शास्त्री नगरच्या नाक्यावर वनस्पती तुपात तळलेल्या कचोऱ्या खात होतो. वर हेमंतला सांगायचो, तुझी बायको मला उपाशी ठेवते. छातीत कळ येते, तीही लपवली.

आत्ता डॉक्टरांना सगळं खरं सांगायला चाललोय. हेमंतला संध्याकाळी मीच सांगेन. तुझ्या तोंडावर बोलायचा धीर झाला नाही.

काल घरी आल्यावर तू मला काहीच विचारलं नाहीस, पोरी. गुपचूप पान वाढलंस. ते फार लागलं.

अप्पा