मोठ्या स्पीकरची आणि घराची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, शिक्षण तिसरी पास (चौथीच्या बाईंना मी पसंत पडले नाही), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय (दबाव टाकणारे फोनवरच असतात) हे मृत्युपत्र मोठ्या आनंदाने लिहिते. कलमांना नंबर घातलेले नाहीत. कारण पुढे येईलच.

थोरला मुलगा कॉम्प्युटरमधला बडा साहेब. गाणी-सिनेमांसाठी त्याने मला लिनक्सचा कॉम्प्युटर बसवून दिला, उपकार झाले. त्याला टीव्ही, आमच्या ह्यांनी मागे ठेवलेले मोठे स्पीकर आणि हेडफोन असं सगळं जोडलं. साहेबांनी सेटिंगमध्ये लिहिलं, आवाज शून्य नंबरच्या कार्डावर (आवाज काढणाऱ्या प्रत्येक वस्तूचं कॉम्प्युटरात एक कार्ड असतं म्हणे), आणि गेले. पण कॉम्प्युटर चालू होताना जे कार्ड आधी जागं होईल, त्याला शून्य नंबर. आज स्पीकर, उद्या हेडफोन. पडद्यावर बाई नुसतं तोंड हलवणार आणि तिचे हुंदके खुंटीवरच्या हेडफोनातून येणार. फोन केला की साहेब म्हणायचे, "आई, बंद करून चालू कर." दोन वर्षं केलं.

धाकटा मुलगा मागच्या वर्षी गेला. त्याची बायको खालच्या खोलीत कपडे शिवते. तोंडात सदा टाचण्या, म्हणून घरात तिला टाचणीच म्हणतात. ती एका दुपारी म्हणाली, "आई, नंबर कशाला? मी गिऱ्हाइकाच्या कापडाला नावाची चिठ्ठी लावते. ढीग उलटापालटा झाला तरी ब्लाउज जिचा तिलाच जातो." तिने शोधून शोधून शून्य खोडलं आणि तिथे स्पीकरच्या कार्डाचं नाव लिहिलं. तेव्हापासून आवाज स्पीकरातूनच. साहेबांना कळवलं तर म्हणाले, "हो, तसंही करता येतं." म्हणजे माहीत होतं.

वकिलाने कच्चा कागद आणला. वारस क्रमांक एक थोरला, क्रमांक दोन धाकटा. थोरला फोनवर म्हणाला, "आई, दोन नंबर आता उरलाच नाही. टाचणीला खोली रिकामी करायला सांग." मी दोन्ही नंबर खोडले. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते सगळं, शिलाई मशीनच्या खिडकीपासून गच्चीपर्यंत, आणि मोठे स्पीकर, टाचणीला. तिचं पूर्ण नाव वकिलाने सोबतच्या पानावर लिहिलं आहे. नंबर नाही.

थोरल्याला हेडफोन.

हे सगळं मी माझ्या आवाजात रेकॉर्डही केलं आहे. माझ्यामागे ते मोठ्या स्पीकरवर लावावं. थोरल्याला पटलं नाही, तर त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू करावा. मी तेच सांगेन, तिथूनच सांगेन.

सही : आजी (वाकडी आहे, पण माझीच)

साक्षीदार : शेजारचे दातांचे डॉक्टर, समोरच्या निवृत्त नर्सबाई. दोघांनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. दोघांनाही स्पीकरचा त्रास होतो, तरी केली.

स्थळ : टीव्हीची खोली
दिनांक : ११ मार्च २०२५, मंगळवार