वळणावरचा भिवा नाईक

शनिवार, १५ नोव्हेंबर
आजपासून इतिहासाचा मास्तर झालो. गावच्या शाळेतल्या समीक्षाबाई म्हणाल्या, बाबाजीकाका, तुम्ही एवढं वाचता, शनिवारी चौथीच्या मुलांना गावचा इतिहास सांगा. माझी शाळा सातवीपर्यंतची, पण वाचन दांडगं. बाकावर बसून इतिहास कळत नाही म्हणून मुलांना फिरायला नेलं. देवळाचं सांगून झालं आणि माझ्याकडचा माल संपला. नेमकं आमच्या वळणावर सिद्धीने विचारलं, "आजोबा, ह्यो फातर कसलो?"

तो आमचा कपडे धुवायचा दगड. घरात वॉशिंग मशीन आली तेव्हा मीच तो तिथे उभा पुरला, पाण्याचा टँकर कुंपणाला घासू नये म्हणून. पण सगळी पोरं तोंडाकडे बघत होती. निघून गेलं तोंडातून: भिवा नाईक. फिरंग्यांची तुकडी या वळणावर एकट्याने अडवली. मुलं दगडाला हात लावून बघायला लागली. खोटं असं काही बोललो नाही. "असं म्हणतात" एवढंच म्हटलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर
दगडावर जास्वंदीचं फूल. मुलांना गोडी लागली. समाधान.
विनोदिनीने विचारलं, असं कोण म्हणतात? म्हटलं, मी म्हणतो. चहा आपटून आत गेली. बायकोला इतिहासाची आवड नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर
दगडापुढे केळं, विडी आणि बेकरीवाल्या पोदेराकडचा उंडो पाव. म्हणजे मोठ्यांनीही मनावर घेतलं. भिवा विडी ओढायचा हे मलाही नवीन. जीव थोडा खालीवर. शनिवारी मुलांना खरं सांगून टाकणार. ठरलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर
सांगणारच होतो. पण साईशने भिवाचं चित्र काढून आणलेलं, मिशीसकट. विचारलं, ह्याची आवय कोण? पोराला दुखवणार कसं? आईचं नाव सांगितलं. ओघात एक धाकटा भाऊही झाला. आता मात्र पुरे.

सोमवार, २४ नोव्हेंबर, सकाळी
जेसीबी आला आणि गेला.
मागल्या घरातल्या महादेवला पावसाळ्यात झटका आला, अर्धं अंग लुळं पडलं. व्यायामासाठी म्हापशाला न्यावा लागतो. वळणावर दगड, त्यामुळे गाडी दारात जात नाही. चौघे खुर्चीत घालून त्याला मोठ्या रस्त्यावर आणतात. तो दगड काढून वळण रुंद करायचं पंचायतीने मंजूर केलेलं. जेसीबीवाल्याने फुलं बघितली, हात जोडले, म्हणाला, "माका पोरांबाळां आसत," आणि मशीन फिरवलं.
दगड माझा, एवढंच बोलायचं होतं. पण माणसं फार जमली होती.

संध्याकाळी
महादेवची बायको कमलाक्षी आली. काल खुर्ची कलंडली म्हणे. महादेवला लागलं नाही, पण तो रडला. आता मला नेऊ नकात म्हणतो. हे ऐकून मला राहवेना. सगळं सांगितलं: दगड धुण्याचा, पुरला मी, कुंपण माझं.
ती हसेल असं वाटलं होतं. तिने घाबरून वळणाकडे बघितलं. "असला बोलू नकात, काका. तेच्या कानार पडात."
मग म्हणाली, तुम्हांला त्याची सगळी माहिती, तुम्हीच गाऱ्हाणं घाला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
घातलं. दुसरा इलाज नव्हता. नारळ हातात धरून म्हटलं, "बा वळणावरच्या भिवा नाईका, तुझ्या लेकराक, महादेवाक, गाडीची वाट दी रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." माझ्या अंगावर काटा आला. कशाचा, ते लिहीत नाही.
जेसीबीने दगड अलगद उचलून फणसाखाली ठेवला. दुपारी गाडी महादेवच्या दारात. कमलाक्षी पाया पडायला वाकली, मी पाय मागे घेतले, तरी पडली.
विनोदिनी म्हणाली, महादेवाचं झालं, आता पोरांचं निस्तरा. शनिवारी निस्तरणार. यात बदल नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर
सांगितलं. वॉशिंग मशीन, टँकर, सगळं. भिवा नव्हता, त्याची आई नव्हती, भाऊही नव्हता. साईशने चित्र हळूच दप्तरात घातलं.
मग सिद्धी उठली. "मगे आजोबा, गाऱ्हाण्यात तुमी फट मारलात?"
दारात समीक्षाबाई उभ्या होत्या. त्यांच्या बाजूला कमलाक्षी, मुलांना वाटायला प्रसादाचं ताट घेऊन. महादेव काल पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पेज जेवला, हे सांगायला आली होती.
मी म्हटलं, नाही गो. गाऱ्हाण्यात कोण खोटं बोलतो?
पोरांच्या जिवात जीव आला. साईशने चित्र परत बाहेर काढलं आणि धाकट्या भावाचं नाव विचारलं.
सांगितलं.
पुढच्या शनिवारपासून भूगोल घेईन म्हणतो. त्यात माणसं कमी.