आईचा एकटीचा फोटो

चाचा, परवा भांडगावच्या माझ्या मामांना लोकांनी जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली आणि त्याला कारण मी. तुम्ही असता तर काउंटरमागं बसून पोट धरून हसला असता, आणि हसू ओसरल्यावर माझा कान पिरगाळला असता. आता कान पिरगाळणारं कुणी उरलं नाही, म्हणून मीच लिहायला बसलेय. मी शिरूरला आलेय, उद्या जाणार. येतानाच ठरवलं होतं की या खेपेला दुसरं काही नाही, फक्त आईचा एक नीट फोटो काढायचा. दुनियाभरच्या म्हाताऱ्या माझ्यापुढं बसल्या, त्यांचे फोटो कुठल्या कुठल्या शहरांत भिंतींवर लागले, मासिकांत छापून आले. आणि माझ्या आईचा म्हणावा असा एकही फोटो माझ्याकडं नाही. आधारकार्डावरचा आहे, त्यात ती कुणीतरी पकडून आणल्यासारखी दिसते. एका लग्नातला आहे, त्यात तिच्यापुढं कुणाचा तरी फेटा आलाय. मी वर्षा-दोन वर्षांनी येते आणि दर खेपेला ती थोडी लहान झालेली असते. परवा रिक्षात बसवताना तिला काखेत धरलं, तर ती सहज उचलली गेली. मला धडकीच भरली.

तुम्ही मला तुमच्या फोटो स्टुडिओत घेतलंत ते माझ्या हुशारीमुळं नाही, हे मला ठाऊक आहे. फोटोला बायका यायच्या, त्यांना हनुवटी वर करा, पदर सारखा करा असं पुरुष माणसानं सांगितलेलं आवडायचं नाही, आणि चाचीला त्या मोठ्या दिव्यांच्या उजेडात घेरी यायची. म्हणून तुम्ही आमच्या घरी आलात. शेतकऱ्याच्या पोरीनं फोटोच्या दुकानात काम करायचं म्हटल्यावर आप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तुम्ही म्हणालात, "दुकानात न्हाई ओ, माझ्या घरात येतीय असं समजा." तरी आठ्या तशाच. शेवटी आई आतून म्हणाली, "जाऊ द्या की. घरात तरी काय करतीय, सारखी दारात उभी ऱ्हाती." असा माझा निकाल लागला.

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तुमचा पहिला सवाल ठरलेला असायचा, "फोटो कुणासाठी?" स्थळासाठी, नोकरीसाठी, बॉर्डरवरच्या नवऱ्याला पाठवायला. उत्तर ऐकल्याशिवाय तुम्ही दिवा लावायचा नाहीत. न्हावऱ्याची ती मुलगी आठवते? स्थळाला पाठवायचा फोटो हवा होता, आणि तुम्ही नमाजाला गेलेले बघून मी तिला खुर्चीतून उठवून खिडकीशी उभी केली. तिच्या तोंडावर अर्धा उजेड, अर्धा अंधार, आणि अशी काही उदासी की बघत राहावं. तुम्ही प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बघितलीत. "फोटो झकास हाय, बेटा. पण ह्यो तू तुझ्यासाठी काढला. ती पोरगी उजवायची हाय, लोकांस्नी रडवायचं न्हाई." तिला परत बोलावून रंगीत पडद्यापुढं बसवलंत. मी रागानं डार्करूमचं दार लावून रडले. तो फोटो चांगलाच होता, हे मी आजही म्हणते.

मग मी गेले. आधी दिल्ली, मग तिथून पुढं. दौंड स्टेशनवर तुम्ही सोडायला आला होता, एसटीत सगळा रस्ता उभं राहून, आणि गाडी हलल्यावर खिडकीतून लोकरीच्या मोज्यांचा एक जोड माझ्या मांडीवर टाकलात. "निम्मं काम पायांचं असतं," एवढंच ओरडलात. मोजे केव्हाच फाटले, पाय मात्र थांबायला तयार नाहीत. व्हिएतनामला मिठागरात पहाटे बायका मीठ ओढताना बघितल्या. काय उजेड होता चाचा! जमीन कुठं संपते आणि आभाळ कुठं लागतं ते कळत नव्हतं. मी गुडघाभर पाण्यात उभी, आणि मला आठवत काय होतं, तर घोडनदीच्या पुलाखालचं उन्हाळ्यातलं कोरडं पात्र. आणि इथं आले की त्याच पुलावर उभी राहून मोबाइलवर विमानांची तिकिटं बघते. तिथं असले की इथलं, इथं असले की तिथलं. जेवायला बसले तरी एक पाय दाराबाहेरच असतो माझा.

तुमचा सवाल मात्र मी सगळीकडं नेला. ओमानमध्ये समुद्रकाठी होड्या दुरुस्त करणाऱ्या एकाला विचारलं, फोटो कुणासाठी? तो म्हणाला, भावासाठी, तो माझ्याशी बोलत नाही. आणि मग असा ऐटीत बसला की भावानं बघितल्यावर जळून खाक व्हावं. जॉर्जिया म्हणून एक डोंगराळ देश आहे, तिथल्या एका गावात एक म्हातारा मला मनगटाला धरून स्मशानात घेऊन गेला. त्याच्या बायकोच्या थडग्याच्या काळ्या दगडावर तिचा चेहरा कोरलेला होता, आणि शेजारी त्याचाही, खाली जन्माचं साल घालून पुढची जागा मोकळी ठेवलेली. त्याला त्या दगडाला टेकून फोटो हवा होता. बरोबरचा ड्रायव्हर हसत म्हणाला, तो विचारतोय, दगडावरचा जास्त देखणा आहे की मी? मी म्हटलं, दगडावरचा. गडी इतका खूश झाला की घरी नेऊन पोटभर जेवायला घातलं. माणसं आपल्या फोटोला भीत नाहीत, अशी माझी तेव्हा खात्री झाली. तिथंच माझी फसगत झाली.

कारण परवा मामांकडं गेले. मामा पेरूच्या बागेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, पांढरी टोपी, पांढरा सदरा, मागं गर्द सावली. मी फोटो काढला, ब्लॅक अँड व्हाइट केला आणि नेहमीच्या सवयीनं, एक अक्षर न लिहिता, घरच्या ग्रुपवर टाकून दिला. आपल्याकडं वाढदिवसाचा फ्लेक्स असला की गॉगल आणि सतरा रंग. आणि काळापांढरा, एकटा, टोपीवाला म्हातारा दिसला की त्याचा अर्थ काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही. सणसवाडीच्या कंपनीतल्या मावसभावानं चहाच्या सुट्टीत तो बघितला आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं लिहिलं. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. माझा भाऊ कुरकुंभला केमिकल कंपनीत आहे, तो शिफ्ट सोडून निघाला. मामांचा फोन घरात चार्जिंगला, माझा पिशवीत, आणि आम्ही दोघं मजेत चहा पितोय. तेवढ्यात बांधावर जीप येऊन थांबली. आतून बायका उतरल्या, तोंडाला पदर लावून. मामा लगबगीनं पुढं गेले.

"कोण गेलं गं?"

बायका जागच्या जागी थिजल्या. जीपवाला पोरगा चाचरत म्हणाला, "तुमीच की, मामा."

"मी? आन् मला कुणी सांगितलं न्हाई ते!"

मग जी हसाहस झाली ती विचारू नका. मामी तेवढ्या हसल्या नाहीत. "माझं कुंकू पुसाया निघाली व्हती ही भवानी," म्हणाल्या आणि माझ्यापुढचा कप उचलून नेला. मामा मात्र दिवसभर कोण कोण आलं याची चौकशी करत होते. "सोसायटीचा चेअरमन न्हाई आला? बरं बरं. इलेक्शनला बघू."

आईच्या कानावर हे माझ्या आधी पोचलं होतं. काल कॅमेरा काढला तर तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. "माझा न्हाई काढायचा. जीप भरून माणसं येत्याल. एवढ्यांना च्या कोण करंल?" मी आधी हसण्यावारी नेलं, मग विनवलं, मग चिडले. म्हटलं, अगं, ज्यांची भाषा मला येत नाही अशा बायका माझ्यापुढं बसतात, तुलाच काय झालंय?

"त्यांचं काय जातंय? तू त्यांची कोण?" ती म्हणाली. "माझ्या फोटूची एवढी घाई कशापायी, सांगू? मी जाईन तवा तू कुठं असशील, तुलाच ठाव न्हाई. यायला जमंल का न्हाई, म्हणून आधीच भिंतीवरचा, हार घालायचा काढून ठेवायचा. व्हय का न्हाई?"

खोटं कशाला, अगदी तेच होतं. तुम्ही गेलात तेव्हा मी तिकडंच होते, बातमी फोनवर आली आणि मी हातातलं काम संपवत राहिले. आप्पांच्या वेळी विमानतळावर पोचले तोवर इथं सगळं उरकलं होतं. आईच्या वेळी वेगळं काही होईल असं वचन मी कुठल्या तोंडानं देणार? कालचा दिवस मी घरातल्या घरात येरझारा घालण्यात काढला. बॅग भरली, परत उपसली, परत भरली. वहिनी म्हणाली, "ताई, बसा की जरा, मलाच दम लागला."

आज दुपारी जेवणं झाल्यावर आई ओट्यावर बसली होती आणि मला एकदम तुमची रीत आठवली. म्हाताऱ्या माणसाला तुम्ही कधी एकटं बसवायचा नाहीत. लेक आईला घेऊन आले की तुम्ही म्हणायचात, "जोडीला कुणीतरी बसा, नुसत्या आजीचा फोटो खुलत न्हाई." मग जाऊ, नणंद, शेजारीण, जी बरोबर असेल ती बाकावर बसायची, दोघींच्या गप्पा रंगायच्या, आणि तुम्ही खटका दाबायचा. भिंतीवर हार घालायला एकटीचा हवा होईल त्या दिवशी लेक परत यायचे, आणि तुम्ही निमूटपणे जोडीची बाई कापून टाकायचा. मी वहिनीच्या हातात कॅमेरा दिला, कुठं दाबायचं ते दाखवलं आणि आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, आपल्या दोघींचा काढू.

आई गालात हसली. "चाचांची युगत. मला काय शिकवती? सासूबाईंचा आसाच काढला व्हता त्यांनी, शेजारी मला बसवून. अजून माझा खांदा हाय त्या फोटूत."

मी आत जाऊन बघितलं. आजीच्या फोटोत, फ्रेमच्या अगदी कडेला, हिरव्या लुगड्याचा एक तुकडा आहे. इतकी वर्षं मी तो पडदा समजत होते.

"म्हंजी तुला कापलं?"

"मग? जित्या माणसाला कापाया काय हुतंय? ये, बस. तुला कापू आता."

ती बसली, चाचा. पदर सारखा केला नाही, केस नीट केले नाहीत, पण बसली. समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून मऊ उजेड येत होता. मी दोनदा उठले, वहिनीच्या हातातला कॅमेरा सरळ केला, तिला मागं सरकवलं. तिसऱ्यांदा उठायला लागले तर आईनं माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. वहिनी म्हणाली, "आई, इकडं बघा." खटका वाजला. आई म्हणाली, "झालं? सुटली बया," आणि उठून शेंगा निवडायला गेली.

मघाशी फोटो लॅपटॉपवर उघडला. वहिनीचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा स्थिर आहे, कुठं जरा हललेलं नाही. तुमच्या रीतीनं मी स्वतःला कापायला घेतलं आणि तेव्हा लक्षात आलं, आईनं कॅमेऱ्याकडं बघितलेलंच नाही. ती माझ्याकडं बघतेय. मी शेजारी आहे तोवर त्यात काही विशेष नाही, लेकीकडं बघणारी आई. मला काढलं की ती कुणाकडंच बघत नाही. ओट्यावर बसून, मान वळवून, रस्त्याकडं डोळे लावलेली एक म्हातारी बाई उरते. कुठूनही कापलं तरी नजर तिकडंच. मी नसताना ती रोज कशी बसत असेल हे मी कधी बघितलं नव्हतं, बघणार तरी कशी. चाचा, मला रडू आवरेना. वहिनी बघेल म्हणून मी तोंड धुऊन आले.

आईला जोडीचा दाखवला. तिला आवडला, "तू बरी आलीस यात," म्हणाली. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही ते एक बरंच आहे, असती तरी मी पाठवलं नसतं. तोंड धुऊन परत आले, पुन्हा स्क्रीनपुढं बसले, आणि पहिलं मनात काय आलं सांगू? कापलेलाच फोटो जास्त चांगला आहे. तो मी माझ्याजवळ ठेवलाय.