चांदी काढायची की नाही

अड्यार, चेन्नई
मंगळवार, दुपार

प्रिय रघू,

आधी आशीर्वाद घे, मग कपाळाला आठ्या घाल. फोन असताना आईला पत्राची काय हुक्की आली, असं तू म्हणणार हे मला इथे बसून दिसतंय. पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला विचारतोस, डेंटिस्ट ठरला का? मग मी शाळेतल्या मुलीसारखी उत्तरं देत बसते आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून कागदावर लिहितेय, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेन. अक्षर लागलं नाही असं म्हणू नकोस. तुला मराठी मी स्वतः शिकवलंय, अगदी कान धरून.

विषय दातांचाच आहे. दिवाळीत शेजारच्या विजयलक्ष्मी मामींनी मुरुक्कू दिले, त्यांची ती दगडी चकली, आणि ती चावताना माझ्या डाव्या दाढेत भरलेल्या चांदीचा टवका उडाला. मी तुला ते सहज बोलले. तोवर आपले फोन कसे असायचे ते आठव. जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, बरं ठेवतो. त्या दिवशी मात्र तू तिकडे जर्मनीत एकदम ताठ बसलास. त्या चांदीत निम्मा पारा असतो, ती कशीतरी उकरली तर वाफ श्वासातून आत जाते, त्यासाठी माहितगार डॉक्टरच हवा, असं किती वेळ समजावत होतास! दुसऱ्या दिवशी परत फोन, तिसऱ्या दिवशी परत. खरं सांगू? मला पाऱ्याची भीतीबीती काही वाटली नाही. उलट इतका आनंद झाला की फोन ठेवून मी एकटीसाठी शिरा केला. शिऱ्याला दाढ लागत नाही, हेही बरंच.

तू थेट तुझ्या अप्पांवर गेलास बघ. त्यांनाही माणसाशी बोलायला जमायचं नाही, बिघडलेली वस्तू हातात आली की जमायचं. मी मिरजेहून लग्न होऊन इथे आले. सासरचे सगळे मराठीच, पण तंजावरकडची मराठी ती, सूर सगळा तमिळचा. मला त्यांचं अर्धं कळायचं नाही आणि माझं बोलणं ऐकून नणंदा तोंडाला पदर लावायच्या. बोलायला एकटे अप्पा, आणि ते पेपरात डोकं घालून. मग मी मिक्सरचा स्क्रू हळूच ढिला करून ठेवायची. ते स्वयंपाकघरात मांडी ठोकून बसायचे आणि स्क्रू पिळता पिळता ऑफिसातलं, लहानपणचं, काय काय सांगायचे. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की ती कंपनीच वाईट.

तर तुझे प्रश्न घेऊन मी दवाखाने पालथे घालायला निघाले. तोंडात रबराचा पडदा लावता का, मोठ्या नळीनं वाफ ओढून घेता का, चांदी घासून काढता की तुकड्यातुकड्यानं, आणि निघालेली टाकता कुठे. अंबत्तूरचे डॉक्टर माझ्याहून म्हातारे. म्हणाले, अम्मा, मी जन्मभर ही चांदी हातानं मळली, मला कुठे काय झालंय? पडदाबिडदा त्यांच्याकडे नव्हताच. तू त्यांच्यावर फुली मारलीस. मग आपल्या अड्यारमधला तो चकचकीत दवाखाना. तिथला डॉक्टर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत आहे-आहे म्हणत सुटायचा. तोंडात आरसा घालायच्या आधीच सांगून मोकळा झाला की सगळ्याच दाढांतली काढून टाकू, वरून सिरॅमिक बसवू, फक्त येताना सोबत कोणीतरी आणा.

सोबत कोणीतरी. मी तुला ते जसंच्या तसं सांगितलं. तू म्हणालास, मी येतो, पोंगलच्या आठवड्यात रजा टाकतो. अप्पांच्या वर्षश्राद्धानंतर तू आलेला नाहीस. मी बाई वेड्यासारखी कामाला लागले. तुझ्या खोलीतले पडदे धुतले, गादीला ऊन दाखवलं. भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना झालं सांगून, मुलगा येतोय. माझ्या दातांसाठी येतोय म्हटल्यावर वॉचमनला तू डॉक्टरच वाटतोस, ते वेगळंच.

पण तो तुटका तुकडा जिभेला लागायला लागला. धड जेवता येईना. म्हणून मामींच्या भाचीनं सांगितलेल्या, तिकडे आवडी गावात बसणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे लोकलनं गेले. त्रिपुरसुंदरी नाव, बोलायला अगदी करकरीत. तुझे प्रश्न काढले तर म्हणाल्या, आधी तोंड उघडा, मग विचारा. एक्स-रे काढला, एकेक दाढ टोकरून पाहिली. निघालेली चांदी ज्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात तो आणून दाखवला. आणि सांगितलं की फुटलेली तेवढी काढायची. बाकीच्या घट्ट बसल्यात, कडेला फट नाही, त्यांना हात लावायचा नाही. बसल्या जागी त्यांचा त्रास नाही, उगाच काढायला गेलं तरच वाफ सुटते, आणि चांगली दाढ कोरली जाते ती जातेच.

त्यांनी ती एक दाढ मागच्या गुरुवारी केली. हो, केली. तोंडावर रबराचा पडदा, नाकावर नळी, कानाशी घों-घों आवाज. झाल्यावर नर्सनं औषधं कशी घ्यायची ते सांगायला तुमच्यासोबतच्यांना बोलवा म्हटलं. मी म्हटलं, मलाच सांगा. काम सुरेख झालं होतं, दुखतही नव्हतं. आणि मी आवडी स्टेशनच्या बाकावर बसून ढसाढसा रडले. शेजारच्या बाईला वाटलं दाढ ठणकतेय. बिचारीनं पर्समधून लवंग काढून दिली.

कारण आता काही उरलं नव्हतं ना. त्या संध्याकाळी तुझा फोन आला, डेंटिस्ट ठरला का? मी म्हटलं, ठरतोय. आणि दुसऱ्या दिवशी काय केलं ऐक. अड्यारच्या त्या आहे-आहे डॉक्टरकडे जाऊन तू येणार त्या आठवड्याची वेळ घेऊन आले. सगळ्या चांगल्या दाढा कोरून घ्यायची! हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी दात दाखवून करायला निघाले होते.

आज सकाळी तिथल्या मुलीचा फोन आला, सोबत कोण येणार त्यांचं नाव सांगा. मी तुझं नाव सांगितलं, अगदी ऐटीत. फोन ठेवला आणि माझीच मला लाज वाटली. तू सातासमुद्रापलीकडून येणार आणि दवाखान्याच्या बाकावर बसणार. मी आठवडाभर सुजलेल्या तोंडानं पेज पीत पडणार, धड बोलताही येणार नाही. मग तुला आणून मिळवलं काय? लगेच उलटा फोन करून वेळ रद्द केली.

म्हणून हे पत्र. माझे दात ठीक आहेत, रघू. पाऱ्याचं काही करायचं नाहीये. उद्यापासून विचारायला तुझ्याकडे प्रश्न नसेल आणि सांगायला माझ्याकडे डॉक्टर नसेल. मला फार एकटं वाटतं रे. हे फोनवर बोलले असते तर तू विचारलं असतंस, मग यावर काय करायचं? काही करायचं नाही. तिकीट काढलं असशील तर तेवढं मोडू नकोस. दुरुस्त करण्यासारखं इथे काहीही नाही. तरी ये.

तुझीच,
आई