चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहावी

ता. ६ नोव्हेंबर १९६१

ती. वहिनी,

नमस्कार. तुमचं कार्ड परवा मिळालं. मी ठीक आहे. गुडघ्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे तो दुखतोय असं मी धरून चालतो. तेलाची बाटली संपली असेल तर कळवा.

तुम्ही विचारलंत, 'अजून पेन्सिलीनंच लिहिता का, मी दिलेलं पेन हरवलंत की काय?' हरवलेलं नाही. कपाटात रुमालात गुंडाळून ठेवलंय. इथं माती तपासणीच्या कामात दिवसभर हातात पेन्सिल असते, तीच सवय झालीय. नवीन माणूस नोकरीला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट घोटवून घेतो. मातीच्या पिशवीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची, शाईनं नाही. तीन वेळा म्हणून दाखवायला लावतो. माझ्यामागं मला 'पेन्सिलमास्तर' म्हणतात हे मला माहीत आहे. म्हणू देत.

प्रयोगशाळेत सध्या पाय ठेवायला जागा नाही. कापणी झाल्यामुळे चहूकडून पिशव्या येतायत. वाळवायच्या खोलीत जमिनीवर कागद पसरून त्यावर मातीचे ढीग घातलेत, आणि आम्ही सगळे त्यांच्यामधून बगळ्यासारखे एकेक पाय उचलत चालतो. नवी गिरमिटं आलीत, लोखंडी. जमिनीत फिरवून वीतभर खालची माती वर काढायची ती. पण दांड्या इतक्या लांब की आमचे बुटके कारकून ती फिरवायला गेले तर स्वतःच फिरतात. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, कारकून उंच मागवू. ते असंच बोलतात.

आता वीटभट्टीवाल्याचं. तुम्ही लिहिलंय की विहिरीकडच्या शेताची वरची दोन फूट माती त्याला द्यायची ठरली आणि वीस तारखेच्या सोमवारी गाड्या लागणार. वहिनी, एवढी घाई कशाला? भट्टी काही पळून जात नाही. शेत तुमचं आहे, मी कोण सांगणारा, पण वीतभर माती तयार व्हायला माणसाच्या कितीतरी पिढ्या जातात आणि उचलायला एक सकाळ पुरते. दोन फूट गेली की खाली पिकाला काही कसच उरत नाही. सात वर्षं पडीक आहे तर आणखी एक वर्ष राहू दे. मी सवडीनं येऊन बघतो.

मी नऊ वर्षांचा असताना तुम्ही घरात आलात. बिनआईचं पोर म्हणून कुणी हिडीसफिडीस करायच्या आधीच तुम्ही मला 'अहो भाऊजी' करून टाकलंत. 'नाक पुसा, भाऊजी' असा हुकूम जगात दुसऱ्या कुणाला ऐकावा लागला नसेल. त्या हक्कानं सांगतो, थोडं थांबा.

तुमचे, अजून नाक न पुसलेले
भाऊजी


ता. १३ नोव्हेंबर १९६१

ती. वहिनी,

नमस्कार. कार्ड मिळालं. तुमचं अक्षर इतकं दाबून लिहिलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

तुम्ही लिहिता, 'त्या शेतानं ह्यांना गिळलं. रोज सकाळी दार उघडलं की तेच समोर. माती मेलेली आहे असं तुमच्याच तपासणीच्या कागदावर लिहिलंय, मग ती भट्टीत गेली तर कुणाचं काय जातं? निदान कुणाच्या तरी घराची भिंत होईल.' तुमच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

पण एक अडचण आहे. आमच्या खात्याचा नवा नियम निघालाय. तपासणी झालेल्या शेताची माती हलवायची असेल तर आधी पुन्हा नमुना घ्यावा लागतो. त्याला महिना तरी लागेल. भट्टीवाल्याला तसं सांगा. सरकारी काम म्हटलं की तोही गप्प बसेल.

खत पाठवू नका म्हणालात, ओढ्याकडच्या शेताला काही लागूच पडत नाही. गेल्या हंगामातही गहू गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला असं लिहिलंय. आणि पुढे लिहिलंय, 'जमीन चांगली आहे असं कागद सांगतो, म्हणजे माझ्याच हाताला यश नाही. ते असते तर सोनं पिकवलं असतं.' वहिनी, हे वाक्य पुन्हा लिहू नका. कधीच लिहू नका. तुमच्या हाताचा यात काडीचा दोष नाही. मी या विषयातला माणूस आहे, मला कळतं.

बाकी ठीक. इकडे थंडी पडलीय. गाड्या थांबवल्याचं उलट टपाली कळवा.

तुमचे
भाऊजी


ता. १७ नोव्हेंबर १९६१

वहिनी,

'नियम असेल तर असू दे, गाड्या सोमवारीच येणार' हे तुमचं कार्ड आज सकाळी आलं. हे पत्र टपालात टाकत नाही. तुमच्याकडे येणाऱ्या बसचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याच्या हाती देतो, म्हणजे उद्या दुपारपर्यंत तुम्हाला मिळेल. स्वतः यायला हवं होतं. दोनदा स्टँडवर जाऊन परत आलो. तोंडावर सांगायची माझ्यात धमक नाही.

नियमाची गोष्ट खोटी होती. असा काही नियम नाही.

विहिरीकडची माती मेलेली नाही. ती कधीच मेलेली नव्हती. मेलेली आहे ती ओढ्याकडची, जिच्यात तुम्ही सात वर्षं गहू पेरताय. क्षार तिच्यात आहे. कागद उलटा आहे, आणि तो माझ्या हातून उलटा झाला.

कसं झालं ते सांगतो. मला नोकरी लागून सहा महिने झाले होते. तुम्ही पेन दिलंत तेव्हा म्हणालात, 'आता साहेब झालात, खिशाला पेन हवं.' मी ते मिरवत होतो. आपल्या शेतांचे नमुने घ्यायला आलो, आठवतं? दोन्ही शेतांत नागमोडी फिरून पंधरा-पंधरा ठिकाणची माती काढली, फडक्यावर कालवली, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं केलं. दादा बांधावर बसून बघत होता. म्हणाला, 'भाकरीचं पीठ मळल्यासारखं काय करतोस रे?' मग दोन पिशव्या भरल्या आणि आत चिठ्ठ्या टाकल्या. एकीवर 'विहिरीकडचे', दुसरीवर 'ओढ्याकडचे'. तुम्ही दिलेल्या पेनानं, निळ्या शाईनं, अक्षर वळणदार काढून. पेन्सिलीनं लिहायचं हे मला आमच्या साहेबांनी दोनदा बजावलं होतं. पण दादासमोर पेन्सिलीचं थोटूक कसं काढायचं? मला पेन दाखवायचं होतं.

आदल्या दिवशी दोन्हीकडे पाणी दिलेलं होतं. माती ओली होती. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पिशव्या सोडल्या तर दोन्ही चिठ्ठ्यांवर नुसता निळा डाग. अक्षर एकही उरलेलं नाही. ओली असताना दोन्ही माती काळीच दिसते. दादानं हात घालून सांगितलं असतं, पण मी पडलो शाळेतला, शेतात कधी राबलोच नव्हतो.

परत येऊन नमुने घ्यायचे होते. अर्ध्या दिवसाचं काम. पण रजा मागितली असती तर साहेबांना कारण कळलं असतं, आणि माझी नोकरी अजून कच्ची होती. मग मी आठवायला बसलो. विहिरीकडचा नमुना आधी घेतला, म्हणजे ती पिशवी पोत्यात खाली असणार. म्हणून खालची ती विहिरीकडची. पोतं गाडीवानानं चढवताना उलटं टाकलं होतं हे ध्यानातच आलं नाही. नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, या वेळी पेन्सिलीनं. मनात म्हटलं, चुकलं तर चुकलं, दोन्ही शेतं आपलीच आहेत, काय फरक पडतो.

कागद घेऊन घरी आलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल. दादा उठून विहिरीकडे गेला, चिमूटभर माती आणली, जिभेवर ठेवली आणि म्हणाला, 'ही गोड आहे. तुझा कागद उलटा आहे बघ.' वहिनी, मला त्याच वेळी कळलं. पोतं, गाडीवान, सगळं डोळ्यांसमोर आलं. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर दादानं मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि जेवायला बसवलं असतं. मी काय बोललो? 'दादा, जीभ म्हणजे प्रयोगशाळा नव्हे.' सगळे हसले. तुम्हीही हसलात. त्यात तुमची काही चूक नाही, मी हसवायलाच बोललो होतो. दादा ओशाळला. कागदाची घडी घातली आणि म्हणाला, 'बरं बाबा, शिकलेल्याचं ऐकावं.'

कागदात लिहिलं होतं, क्षार धुऊन काढायला पाच फूट खोल चर खणा. त्या चराच्या खुंट्या मी ठोकल्या, विहिरीकडच्या शेतात. तिथून परत गेलो तो दुसऱ्या दिवशी सांगू, पुढच्या पत्रात लिहू, असं करत तीन आठवडे गेले. मग तुमची तार आली.

यापुढचं तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, कारण ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. खारवट माती चिकट असते. ओढ्याकडे पाच फूट चर खणला तर त्याच्या कडा भिंतीसारख्या उभ्या राहतात. चांगली माती भुसभुशीत असते, ती एवढी खोल धरत नाही. दादाला वाटलं तो मेलेल्या मातीत उतरलाय, म्हणून त्यानं कडांना आधाराच्या फळ्या लावल्या नाहीत. लोक म्हणतात, वाईट माती होती, तिनं माणूस खाल्ला. ती चांगली होती म्हणून कोसळली. ती तिथं खणायलाच नको होती.

मी पोचलो तेव्हा त्याला बाहेर काढून ठेवलं होतं. त्याच्या कानात, केसांत माती होती. मी ढिगाऱ्याशी बसलो आणि चिमूटभर माती तोंडात घातली. तुम्ही पाहिलंत. त्या अवस्थेतही विचारलंत, 'भाऊजी, तोंडात काय घातलंत?' मी म्हटलं, काही नाही.

ती गोड होती.

सात वर्षं मी तुम्हाला खत पाठवत राहिलो. सणासुदीला आलो, तुमच्या हातचं जेवलो, ओढ्याकडच्या पिवळ्या गव्हाकडे बघून 'हवा बरी नाही यंदा' म्हणालो. तुम्ही स्वतःच्या हाताला दोष देत होतात आणि मी ऐकून घेत होतो. खोटं बोलायची मला इतकी सवय झाली की परवा नियम सुद्धा काढला. माझी मलाच किळस येते.

आज सकाळी साहेबांना हे सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. नोकरी राहील असं वाटत नाही. त्याचं मला काही नाही.

सोमवारी सकाळच्या पहिल्या बसनं येतोय. गिरमिट आणि दोन पिशव्या आणतो. दोन्ही शेतांचे नमुने तुमच्यासमोर काढतो, चिठ्ठ्या तुम्ही लिहा. मला घरात घ्यावंसं वाटलं नाही तर मी बांधावरच थांबेन, पाणीही मागणार नाही. पण गाड्या माघारी पाठवा. माझ्यावर जो काढायचा तो राग माझ्यावर काढा, त्या मातीवर नको. तुमच्याजवळ आता तेवढंच एक पिकणारं शेत आहे. आणि दादा माती चाखून जे म्हणाला होता ते खरं होतं, एवढं तरी लोकांना दिसू दे.

पेन सोबत पाठवतोय. त्या दिवसानंतर त्यात शाई भरलेली नाही. हे पत्र भिजलं तरी चालेल, पेन्सिलीचं अक्षर पाण्यानं जात नाही.

आमच्या चिठ्ठीवर शेवटी जी ओळ असते तीच खाली लिहितो. नातं लिहायला तिथं जागा नसते.

नमुना घेणारा