जोडलेले हात

नाशिक, नोव्हेंबर १९८३, गुरुवार

छातीत पेसमेकर बसवला, तरी हे चक्कर येऊन पडतातच. आज डॉक्टरांनी यांना तळवे एकमेकांवर जोरात दाबायला सांगितले. ईसीजीच्या कागदावरची रेघ सपाट झाली, हे खुर्चीतच कलंडले. हात सुटले तसे शुद्धीवर आले.

"छातीच्या स्नायूंची हालचाल पेसमेकरला हृदयाचा ठोका वाटते, मग तो गप्प बसतो," डॉक्टर म्हणाले. मुंबईला नेऊन बदलायचा. पण तिथे खाट मिळेपर्यंत काय?

संध्याकाळी हे बुद्धमूर्तीपुढे वंदनेला बसले, हात जोडले. मी किंचाळलेच, "नका ना जोडू!"

"अगं, नुसते टेकवलेत."

नुसते? मी कसं ओळखू? त्यांचे हात सोडवून मी माझ्या हातात घेतले. त्यांनी तशीच वंदना म्हटली. मी त्यांची नाडी धरून बसले होते.