जाकिटाच्या खिशातली काडीपेटी

प्रिय भिकन भाऊ,

फोनवर हे बोलायला जीभ उचलत नाही, म्हणून लिहितोय. पाचवी नापासाचं अक्षर आहे, लावून वाच.

डेपोत सगळं तसंच चालू आहे. तू गेल्यावर आठ नंबरच्या कोठीत नवा दारूगोळा उतरला. जुनी पेटी आधी बाहेर, नवी मागे. उचलायची, ओढायची नाही. सुकलाल मुकादम अजून ओरडतो, "अरे बहादरपूरवाले, केळीचा घड समजून धर, डाग नाही पडला पाहिजे!" आता आपल्या गावावरचा हा टोमणा मी एकटाच खातो. नव्या लोकांना तो जुनी गोष्टही सांगतो, की इंग्रजांनी मोठ्या लढाईच्या वक्ताला हे सगळं बांधलं अन् प्रत्येक कोठीभोवती मातीचा उंच बांध घातला, एक उडाली तरी शेजारची वाचावी म्हणून. बांधावरचं गवत आम्ही परवाच कापलं. वाळलेलं गवत अन् एक ठिणगी, बस, खेळ खतम. म्हणून तर बिडी, काडीपेटी, मोबाईल गेटवर जमा करायचं, अन् नंतर खिशात सापडलं तर आत यायचा पास कायमचा रद्द.

तुझ्या खिशात काडीपेटी सापडली तो दिवस डोळ्यांसमोरून जात नाही. हवालदार म्हणाला, "ये क्या है भाई?" तू आधी हसलास, यार. मग जाकिटाकडे पाहतच राहिलास. म्हणालास, साहेब, मीच विसरलो असेन. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून बिडी सोडलेला माणूस तू, अन् स्वतःवरच संशय घेत सामान बांधलंस. मी तुझी पिशवी बसपर्यंत आणून दिली.

भाऊ, ती काडीपेटी माझी होती. ठेकेदाराने दिलेली आपली जाकिटं एकसारखी, खोलीत एकाच खिळ्यावर. त्या सकाळी थंडीत चहा ठेवायला उठलो, चुकून तुझं जाकीट अंगावर ओढलं, स्टोव्ह पेटवला अन् काडीपेटी खिशात टाकून जाकीट परत टांगलं. गेटवर मला लगेच समजलं. पण गावाकडे शनवारा भागात चार कामं सोडून आलेला मी. हेही गेलं तर घरचे म्हणतील, हा कुठंच टिकत नाही. म्हणून बुटांकडे पाहत उभा राहिलो.

काल माझ्या बहिणीनं, दीपालीनं, फोनवर सांगितलं, मनीषा वहिनी पोरीला घेऊन नदीपार जैनाबादला माहेरी गेल्या. तू पोरीची खोटी शपथ घेतलीस, असं म्हणतात. आज सकाळी मी सुभेदार साहेबांना सगळं सांगितलं. माझा पास त्यांनी तिथंच काढून घेतला. तुझा मात्र परत मिळत नाही. ज्याच्या खिशात सापडली त्याचं नाव लिहिलं गेलं, ते खोडत नाहीत. घरी यायला तोंड नाही, पुढं कुठं जाईन ठरलं नाही. तू एवढं कर. हे पत्र घेऊन नदीपार जा अन् वहिनींच्या हातात दे. मला शिव्या दिल्या तर मधे बोलू नकोस. पोरीला घेऊन ये.

तुझाच, तुझ्याशी चुकलेला,
ललित